अनेक कोअरच्या चिपला चाचणीची उपकरणे जोडताना

ग्रँट रोड स्टेशनबाहेर पडून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून विद्यार्थी आज जो साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड विकत घेतात, त्यावरच्या चिपमध्येही अनेकदा दोन कोअर असतात. खिशातल्या मोबाईलमध्ये तर आठ कोअर असणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. कोअर म्हणजे प्रोग्राममधल्या आज्ञा एकामागून एक वाचून त्या पार पाडणारा, स्वतःपुरता पूर्ण असा प्रोसेसर. असे दोन, चार किंवा आठ प्रोसेसर एकाच चिपवर शेजारी बसतात, एकच मेमरी वाटून घेतात आणि एकाच वेळी आपापले काम करत राहतात. सारे सुरळीत चालते तोवर आत डोकावण्याची गरज पडत नाही. मात्र तासन्‌तास नीट चालणारे यंत्र मध्येच थिजले, एखादा आकडा क्वचित कधीतरी चुकू लागला, आणि प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचूनही त्यात खोट सापडली नाही, की चिपच्या आत प्रत्यक्ष काय घडते आहे हे बाहेरून उपकरणे जोडून पाहावे लागते. ही जोडणी एका कोअरच्या चिपपेक्षा अनेक कोअरच्या चिपमध्ये बरीच अवघड का होते, हे या लेखात समजावून सांगायचे आहे.

एका कोअरच्या चिपमध्ये दोष शोधताना मुख्य प्रश्न असा असतो की, अमुक ओळीवर आल्यावर अमुक व्हेरिएबलची किंमत काय होती. अनेक कोअर आले की त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो: कोणत्या कोअरने काय आधी केले आणि काय नंतर? पुष्कळदा प्रत्येक कोअरचे काम सुटे पाहिले तर अगदी बिनचूक असते आणि खोट फक्त त्यांच्या क्रमात असते. हा क्रम अब्जांश सेकंदांच्या फरकाने ठरतो, त्यामुळे तो पाहण्यासाठी जोडलेले उपकरणच तो बदलून टाकू शकते. म्हणूनच सर्वांत महागडे उपकरण कोणते, यापेक्षा आपल्याला काय पाहायचे आहे आणि ते पाहताना आपण काय बदलतो आहोत, हा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

चार तारांचा मार्ग

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कित्येक पिढ्यांनी ज्यावर प्रात्यक्षिके केली, त्या ८०८५ प्रोसेसरला चाळीस पाय असतात. त्याची मेमरी चिपच्या बाहेर असते, त्यामुळे प्रत्येक आज्ञा आणि प्रत्येक आकडा या पायांवरूनच ये-जा करतो. लॉजिक अ‍ॅनालायझर, म्हणजे अनेक तारांवरचे शून्य-एक नोंदवणारे उपकरण, त्याच्या क्लिपा अ‍ॅड्रेस आणि डेटाच्या पायांना अडकवल्या की प्रोसेसरने काय वाचले आणि काय लिहिले याची सगळी नोंद समोर येते. पुढे मेमरी आणि कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) चिपच्या पोटात गेल्या आणि ही सारी वाहतूक बाहेरून दिसेनाशी झाली. त्यातच मोठ्या चिपना पायांऐवजी पोटाखाली कथलाच्या बारीक गोळ्यांची जाळी आली. एकदा अशी चिप बोर्डवर बसली की तिच्या सांध्यांपर्यंत कोणतीही क्लिप पोहोचत नाही.

या अडचणीवर तोड काढण्यासाठी १९८५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी एकत्र येऊन जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप हा गट स्थापन केला. त्याच्या कामातून १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक तयार झाले आणि गटाच्या आद्याक्षरांवरून जेटॅग हे नाव रूढ झाले. मूळ हेतू बोर्डवरचे सांधे तपासण्यापुरताच होता. चिपच्या प्रत्येक पिनमागे आत एक छोटी पेशी ठेवायची, या पेशी साखळीसारख्या एकमेकींना जोडायच्या, आणि त्या साखळीतून एकेक बिट सरकवत कोणत्या पिनवर शून्य आहे आणि कोणत्या पिनवर एक, हे बाहेर वाचायचे, अशी ही योजना होती. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी पुढे याच मार्गाने कोअर थांबवण्याची, रजिस्टर (कोअरच्या आतल्या छोट्या साठवणीच्या जागा) वाचण्याची आणि मेमरीत लिहिण्याची सोय केली. आज जेटॅग म्हटल्यावर बहुतेकांना हा दुसरा उपयोगच आठवतो.

यासाठी तारा चारच लागतात: क्लॉकची टीसीके, पुढची दिशा ठरवणारी टीएमएस, आत जाणाऱ्या बिटांची टीडीआय आणि बाहेर येणाऱ्या बिटांची टीडीओ. चिपच्या आत सोळा अवस्थांचे एक नियंत्रक यंत्र असते आणि प्रत्येक क्लॉकच्या वेळी टीएमएसवर शून्य आहे की एक, यावरून ते एका अवस्थेतून दुसरीत जाते. या रचनेतली एक गोष्ट मला फार विचारपूर्वक केलेली वाटते: नियंत्रक कोणत्याही अवस्थेत असो, टीएमएस वर ठेवून पाच क्लॉक दिले की तो खात्रीने आरंभाच्या अवस्थेत परततो. आत काय गोंधळ झाला आहे याची काहीच कल्पना नसतानाही बाहेरच्या उपकरणाला नव्याने सुरुवात करता येते.

एकाहून अधिक चिप किंवा कोअर असतील तर एकाची टीडीओ दुसऱ्याच्या टीडीआयला जोडून साखळी करता येते आणि ज्याच्याशी सध्या काम नाही त्याला बायपास अवस्थेत ठेवता येते. मग तो साखळीत फक्त एका बिटाची जागा अडवतो. प्रोसेसरच्या रचना तयार करणाऱ्या आर्म कंपनीच्या रचनेत याहून निराळी पद्धत दिसते. तिथे बहुधा बाहेरून एकच डीबग पोर्ट, म्हणजे दोष शोधण्यासाठीचे दार, असतो आणि आतल्या बसवर, म्हणजे सामायिक तारांच्या मार्गावर, प्रत्येक कोअरची डीबग रजिस्टरे वेगवेगळ्या पत्त्यांवर असतात. छोट्या चिपमध्ये पिनांची टंचाई असते म्हणून आर्मने सीरियल वायर डीबग, म्हणजे एसडब्ल्यूडी, ही दोन तारांची पद्धतही आणली: एक तार क्लॉकची आणि दुसरी दोन्ही दिशांनी चालणाऱ्या डेटाची. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेनेही डीबगचा तपशील खुला ठेवला आहे. त्यामुळे तो तपशील पाळणाऱ्या कोणत्याही रिस्क-फाइव्ह चिपसाठी बनवणाऱ्याचेच खास उपकरण घ्यावे लागत नाही.

जोडणीआधीची काळजी

संगणक आणि चिप यांच्यामध्ये डीबग प्रोब नावाची छोटी डबी असते. तिचे एक टोक यूएसबीला आणि दुसरे टोक बोर्डवरच्या कनेक्टरला जोडतात. आर्मच्या बोर्डांवर सहसा दहा पिनांचा, १.२७ मिलिमीटर अंतराचा बारीक कनेक्टर दिसतो. त्याची पहिली पिन प्रोबला वीज पुरवण्यासाठी नसते. बोर्डचा सिग्नल किती व्होल्टचा आहे हे प्रोबला कळावे यासाठी ती असते. बोर्ड १.८ व्होल्टवर चालत असेल आणि प्रोब ३.३ व्होल्टचे सिग्नल पाठवत असेल, तर चिपची पिन कायमची निकामी होऊ शकते. चांगला प्रोब या पिनेवरचे व्होल्टेज वाचून आपले सिग्नल त्या पातळीवर आणतो. स्वस्त प्रोबमध्ये ही सोय नसते आणि तो ठरलेल्या ३.३ व्होल्टवरच चालतो, म्हणून विकत घेताना हे विचारून घ्यावे. चपट्या केबलच्या कडेची लाल रेघ पहिल्या पिनेची बाजू दाखवते.

दुसरी काळजी अर्थिंगची. लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर दोन पिनांचा असेल किंवा भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग नुसती नावाला असेल, तर अ‍ॅडॅप्टरच्या आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचा ग्राउंड जमिनीच्या मानाने शंभरेक व्होल्टवर तरंगू शकतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना जी बारीक झिणझिण जाणवते ती यामुळेच. त्यातला प्रवाह माणसाला इजा करण्याइतका नसतो, पण दुसऱ्या बाजूने अर्थ केलेला ऑसिलोस्कोप त्याच बोर्डला जोडताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची तार टेकली, तर तो प्रवाह चिपच्या पिनेतून वाट काढतो. म्हणून आधी ग्राउंड जोडायचा, मग सिग्नल. काढताना आधी सिग्नल, मग ग्राउंड. मुंबईतल्या जुन्या चाळी-इमारतींतल्या वायरिंगचा भरवसा धरण्यापेक्षा यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजूंची विजेची थेट जोड तोडणारी डबी, मध्ये टाकणे अधिक सुरक्षित. आपल्या दमट, खारट हवेत जम्पर वायरींची टोकेही लवकर काळवंडतात. जोडणी मधूनमधून तुटत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी वायर बदलून पाहावी आणि क्लॉकचा वेग कमी करून पाहावा.

दोन कोअरचा साधा प्रयोग

ही सगळी गुंतागुंत हातात धरून पाहायची असेल तर रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड उत्तम आहे. २०२१ मध्ये आलेल्या या बोर्डवर आरपी२०४० नावाची चिप आहे आणि तिच्यात कॉर्टेक्स-एम० प्लस जातीचे दोन कोअर आहेत. डीबगसाठी तीनच तारा जोडायच्या: क्लॉक, ग्राउंड आणि डेटा. दुसरा एखादा पिको असेल तर त्यात योग्य प्रोग्राम भरून त्यालाच प्रोब बनवता येते. दोन्ही कोअर त्याच दोन सिग्नल-तारांवर असतात, पण प्रत्येकाचा डीबग पोर्ट वेगळा असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. प्रोब आधी तो क्रमांक पुकारतो आणि मग त्या कोअरशी बोलतो. संगणकावर ओपनओसीडी हे मोफत सॉफ्टवेअर चालवले की ते प्रोबकडून माहिती घेऊन जीडीबी या डीबगरला पुरवते. दोन कोअर स्वतंत्र ठेवले तर पहिला ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर आणि दुसरा ३३३४ वर दिसतो. दोन्ही एका गटात बांधले तर ते एकाच जीडीबीत दोन थ्रेड म्हणून दिसतात.

आता दोन्ही कोअरना एकच काउंटर एकेक लाख वेळा एकने वाढवायला सांगावे. उत्तर दोन लाख यायला हवे, पण ते कमी येते, आणि प्रत्येक वेळी निराळे येते. कारण असे की, काउंटर वाढवणे ही कोअरच्या दृष्टीने एक कृती नाही. आधी मेमरीतून किंमत वाचायची, मग तिच्यात एक मिळवायचा, मग ती परत लिहायची. समजा पहिल्या कोअरने ४१ वाचले आणि तो ४२ लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्यानेही ४१ वाचले. दोघेही ४२ लिहितात आणि एक वाढ हरवते.

हा दोष शोधायला नेहमीच्या सवयीने पहिल्या कोअरवर त्या ओळीशी ब्रेकपॉइंट, म्हणजे तिथे आल्यावर कोअरला थांबवणारी खूण, लावला तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. पहिला कोअर थांबतो, दुसरा मात्र धावतच राहतो आणि आपली एक लाखाची फेरी कधीच संपवून टाकतो. मग पहिल्याला पुढे जाऊ दिले तर वाटेत कोणीच आडवे येत नाही आणि उरलेली बेरीज बिनचूक होते. दोष शोधायला जोडलेल्या साधनानेच दोष नाहीसा केला. याच चिपमध्ये आणखी एक गोष्ट घडते, जी ठाऊक नसेल तर माणूस भलतीकडेच शोधत बसतो: दोघांपैकी कोणताही कोअर डीबगसाठी थांबला की दोघांचा सामायिक टायमरही मूळ व्यवस्थेनुसार थांबतो. परिणामी, दुसरा कोअर दहा मिलिसेकंद थांबण्याच्या आज्ञेवर असेल, तर पहिला कोअर पुन्हा सुरू होईपर्यंत त्याचे ते दहा मिलिसेकंद संपतच नाहीत. वरवर पाहता दुसऱ्या कोअरचा प्रोग्राम अडकला असे वाटते. टायमरच्या डीबग-पॉज नावाच्या रजिस्टरमध्ये हे बदलता येते.

न थांबवता हा क्रम पाहायचा असेल तर रिकाम्या पिनांचा उपयोग करता येतो. काउंटर वाचण्याआधी पहिल्या कोअरने एक पिन वर करायची आणि लिहून झाल्यावर खाली आणायची. दुसऱ्याने तेच दुसऱ्या पिनेवर करायचे. या दोन पिना लॉजिक अ‍ॅनालायझरला जोडल्या की दोन्ही पिना एकाच वेळी वर असल्याचे क्षण नोंदीत सापडतात, आणि हरवलेली वाढ अशाच क्षणांतून निघते. इथे उपकरणाच्या वेगाचा हिशेब करावा लागतो. चिप १२५ मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे क्लॉकचे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचे. वाचणे, मिळवणे, लिहिणे यांना मिळून सुमारे पाच आवर्तने, म्हणजे ४० नॅनोसेकंद लागतात. बाजारात सर्रास मिळणारा आठ चॅनेलचा स्वस्त अ‍ॅनालायझर सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा पाहतो, म्हणजे दर ४२ नॅनोसेकंदांनी एकदा. जी घटना पाहायची ती त्याच्या दोन नजरांमध्ये येऊन निघून जाऊ शकते, आणि दोन पिनांपैकी कोणती आधी हलली हे तर त्याला कळणारच नाही. याच बोर्डचा दुसरा नग घेऊन त्याला अ‍ॅनालायझर बनवणारे खुले प्रोग्राम उपलब्ध आहेत आणि ते याहून बरेच वेगाने पाहतात. शिकणाऱ्यांनी ही वाट धरावी असे मी सुचवेन. पिन हलवणे या चिपमध्ये एका आवर्तनात होते, तरी त्या एकेका आवर्तनाने मूळ प्रोग्रामची वेळ किंचित बदलतेच, हेही ध्यानात असू द्यावे.

या दोषावरचा उपाय चिपमध्येच आहे. या जातीच्या कोअरमध्ये ‘वाचून लिहीपर्यंत कोणी मध्ये आले का’ हे तपासणाऱ्या खास आज्ञा नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी चिपमध्ये ३२ हार्डवेअर स्पिनलॉक, म्हणजे एका वेळी एकाच कोअरला मिळणारी कुलपे, दिले आहेत. काउंटरला हात लावण्याआधी त्यातला एक ताब्यात घ्यायचा आणि काम झाले की सोडायचा.

सगळ्यांना एकदम थांबवणे

मोठ्या चिपमध्ये एका कोअरला थांबवून इतरांना चालू ठेवणे आणखी घातक ठरते. थांबलेला कोअर उत्तर देत नाही म्हणून दुसरा त्याची वाट पाहत बसतो, वॉचडॉग टायमरला वाटते की यंत्र अडकले, आणि तो सगळी चिप रीसेट करून टाकतो. त्यामुळे सगळे कोअर एकदम थांबले पाहिजेत. हे संगणकाकडून प्रोबमार्फत एकेकाला आज्ञा देऊन साधत नाही. जेटॅगच्या तारेवरून एक शब्द वाचायला चाळीसेक क्लॉक लागतात असे धरले, तर १० मेगाहर्ट्झच्या तारेवर त्याला ४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात एक गिगाहर्ट्झचा कोअर चार हजार आवर्तने पुढे गेलेला असतो. यूएसबीचा आणि संगणकाचा विलंब तर याहून कितीतरी मोठा.

म्हणून थांबवण्याचा निरोप चिपच्या आतल्या आतच फिरवावा लागतो. आर्मच्या कोअरसाइट रचनेत प्रत्येक कोअरजवळ क्रॉस ट्रिगर इंटरफेस नावाचा भाग असतो आणि हे सगळे भाग एका आतल्या जाळ्याने जोडलेले असतात. एक कोअर ब्रेकपॉइंटवर थांबला की त्याचा इशारा या जाळ्यातून बाकीच्यांना पोहोचतो आणि तेही काही आवर्तनांत थांबतात. ‘काही आवर्तनांत’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. सगळे कोअर अगदी त्याच क्षणी थांबतात असे समजून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक कोअर हातातली आज्ञा पुरी करूनच थांबतो आणि निरोप पोहोचायलाही वेळ लागतोच. पुन्हा सुरू करतानाही हेच जाळे वापरावे, नाहीतर एक कोअर आधी सुटतो आणि बाकीचे मागे राहतात.

थांबल्यावर जे दिसते त्यावरही लगेच विश्वास ठेवू नये. प्रत्येक कोअरला स्वतःची कॅश असते. कोअरने लिहिलेली नवी किंमत कॅशमध्ये असेल आणि मुख्य मेमरीत अजून पोहोचली नसेल, तर प्रोबने सिस्टम बसवरून थेट मेमरी वाचली की जुनी किंमत दिसू शकते. तोच पत्ता कोअरच्या मार्फत वाचला की नवी किंमत दिसते. दोन्ही वाचने खरी असतात, वाट तेवढी वेगळी. कोणत्या वाटेने वाचतो आहोत हे डीबगरच्या सेटिंगमध्ये पाहून ठेवल्यास पुष्कळ मनस्ताप वाचतो.

विजेची बचतही इथे आड येते. लिनक्ससारख्या प्रणालीत काम नसलेला कोअर झोपवला जातो आणि काही चिपमध्ये त्याची वीजच तोडली जाते. मग प्रोब त्या कोअरला हाक मारतो आणि उत्तर येत नाही; नवख्या माणसाला वाटते की जोडणी तुटली. दोष शोधेपर्यंत कोअर झोपवण्याची व्यवस्था कर्नलमधून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातून, बंद ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज आहे, पण मूळ दोष झोपेतून उठतानाच घडत असेल तर हा इलाज दोषालाच लपवतो.

न थांबवता नोंद ठेवणे

क्रमाचे दोष पकडायला माझ्या मते ट्रेसइतके सरस साधन नाही. यात कोअर थांबत नाही. त्याच्या शेजारी बसलेले वेगळे हार्डवेअर त्याने कोणत्या आज्ञा पार पाडल्या याची नोंद करत राहते आणि प्रोग्रामच्या गतीला धक्का लागत नाही. अडचण आहे ती माहितीच्या ओघाची. चार कोअर सेकंदाला प्रत्येकी एक अब्ज आज्ञा पार पाडत असतील आणि प्रत्येक आज्ञेचा ३२ बिटांचा पत्ता बाहेर पाठवायचा असेल, तर सेकंदाला १२८ अब्ज बिट पाठवावे लागतील. तेवढे वाहून नेणाऱ्या पिना कोणीच देत नाही.

त्यावरची युक्ती अशी. प्रोग्राम आपल्या संगणकावर आधीच आहे, त्यामुळे कोअर सरळ चालत असताना काही सांगण्याची गरज नसते. फाटा आला की तो वळला की सरळ गेला, एवढे कळले तरी पुरे. दादरहून वरळीकडे निघालेल्या माणसाने प्रत्येक नाक्यावर फक्त ‘वळलो’ किंवा ‘सरळ गेलो’ एवढेच कळवले, तरी नकाशा हाती असलेल्याला त्याचा सगळा रस्ता काढता येतो. नोंद मग एका आज्ञेमागे सरासरी एखाद्या बिटापर्यंत उतरते आणि १२८ अब्जांचा ओघ चारेक अब्जांवर येतो. आज्ञेचा पत्ता प्रोग्रामवरून सांगता येत नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा इशारा) आला असताना, पूर्ण पत्ता पाठवला जातो. म्हणूनच ट्रेस उलगडताना संगणकावर जो प्रोग्राम आहे तोच, अगदी त्याच बिल्डचा, चिपमध्ये असावा लागतो. एका ओळीचा फरक असला तरी उलगडलेला रस्ता भलतीकडे जातो.

अनेक कोअरच्या नोंदी फनेल नावाच्या भागात एकत्र येतात आणि प्रत्येक पाकिटावर ते कोणत्या कोअरचे हे लिहिलेले असते. त्याहून महत्त्वाचा आहे टाइमस्टॅम्प. सगळ्या कोअरना एकाच सामायिक काउंटरची वेळ दिली तरच ‘याने आधी लिहिले, त्याने नंतर वाचले’ असे खात्रीने म्हणता येते. ट्रेस सुरू करताना टाइमस्टॅम्प चालू केला नाही, तर हाती चार अचूक पण एकमेकांशी न जुळणाऱ्या रोजनिश्या येतात. हे सेटिंग पुष्कळदा मुळात बंद असते, म्हणून ते आधी तपासावे.

ही नोंद साठवायच्या जागा तीन. चिपच्या आतला छोटा बफर काही किलोबाइटचा असतो आणि गोल फिरत राहतो. दोष घडताच त्याला थांबवले तर शेवटचा थोडा काळ हाती लागतो, आणि बहुतेक वेळा तेवढा पुरतो. बोर्डवर ट्रेसचा वेगळा कनेक्टर असेल, उदाहरणार्थ ३८ पिनांचा मिक्टर, तर बाहेरच्या प्रोबमध्ये गिगाबाइटच्या हिशेबाने साठवता येते. त्या तारा मात्र सारख्या लांबीच्या आणि आखूड लागतात. तिसरी जागा यंत्राची मुख्य मेमरी. इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासूनच्या प्रोसेसरमधली प्रोसेसर ट्रेस ही सोय याच पद्धतीने चालते. तिला बाहेरची डबी लागत नाही, पण नोंद लिहिताना ती कोअरच्याच वाट्याची मेमरीची वाहतूक वापरते, म्हणून वेळेवर तिचा थोडा परिणाम होतो.

ऑसिलोस्कोपचे टोक

कधी कधी दोष प्रोग्राममध्ये नसून विजेत असतो. झोपलेले चार कोअर एकदम उठले की प्रवाह क्षणात वाढतो आणि एक व्होल्टच्या आसपासचे पुरवठ्याचे व्होल्टेज काही मिलिव्होल्टनी खचते. जास्तच खचले तर एखादा बिट चुकतो आणि प्रोग्राम अनाकलनीय ठिकाणी कोसळतो. हे पाहायला ऑसिलोस्कोपच लागतो.

इथे जोडणीच सर्वांत मोठी लबाडी करू शकते. स्कोपसोबत येणाऱ्या नेहमीच्या प्रोबवर १० मेगाओम असे लिहिलेले असते आणि ते वाचून वाटते की हा प्रोब सर्किटवर काहीच भार टाकत नाही. पण त्याच्या टोकाला सुमारे १० पिकोफॅरडचा कपॅसिटन्सही असतो आणि १०० मेगाहर्ट्झला तो अवघ्या १६० ओमच्या रोधासारखा वागतो. त्यात मगरचिमट्याची १५ सेंटीमीटर लांब ग्राउंड वायर आली. तिचा इंडक्टन्स साधारण दीडशे नॅनोहेन्री धरला, तर या दोघांचे मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःचे कंपन तयार होते. पडद्यावर दिसणारे लाटालाटांचे चित्र मग बोर्डचे नसते, प्रोबचे असते. मगरचिमटा काढून प्रोबच्या टोकाशीच बसणारी छोटी स्प्रिंग वापरली आणि ती चिपजवळच्या कपॅसिटरच्या ग्राउंडला टेकवली, की त्यातल्या बऱ्याच लाटा नाहीशा होतात. प्रोबच्या पाकिटात ही स्प्रिंग असते आणि बहुतेक जण तिला कधी बाहेरच काढत नाहीत.

ऑसिलोस्कोप आणि ट्रेस यांना एकाच घटनेवर आणायचे असेल तर क्रॉस ट्रिगरच्या जाळ्यातून एक इशारा बाहेरच्या पिनेवर काढता येतो, अर्थात चिपमध्ये तशी सोय असेल तर. अमुक कोअर अमुक आज्ञेवर आला की पिन हलते, स्कोप त्यावर चित्र धरतो, आणि व्होल्टेजची खच व प्रोग्रामची ओळ एकमेकांसमोर मांडता येतात.

बोर्ड आखतानाच करायची तजवीज

हे सारे शक्य होते ते बोर्डवर जागा सोडलेली असेल तर. रबाळे-महापे भागात किंवा अंधेरीच्या सीप्झमध्ये बोर्ड आखणाऱ्यांवर जागेचा आणि खर्चाचा दबाव असतो, आणि डीबगचा कनेक्टर त्यात सर्वांत आधी कापला जातो. कनेक्टर बसवायचा नसेल तरी त्याच्या तांब्याच्या खुणा तरी ठेवाव्यात. त्यांवर स्प्रिंगच्या पिना दाबून काम भागते. क्लॉकच्या तारेवर उगमाशी २२ ते ३३ ओमचा रोध आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजवर एक चाचणी-बिंदू एवढे केले तरी पुढचे कित्येक दिवस वाचतात.

आणि शेवटी कुलपाचा प्रश्न. ज्या मार्गाने आपण दोष शोधतो त्याच मार्गाने दुसरा कोणी गुप्त चाव्या वाचू शकतो किंवा प्रोग्राम चोरू शकतो, म्हणून विक्रीला जाणाऱ्या यंत्रात हा मार्ग बंद करणे योग्यच आहे. अनेक चिपमध्ये त्यासाठी एक फ्यूज जाळावा लागतो आणि एकदा जाळलेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही. काही चिपमध्ये प्रमाणपत्र दाखवून तात्पुरता मार्ग उघडण्याची सोय असते. ती असेल तर तीच निवडावी. नसेल तर पहिल्या खेपेतले काही बोर्ड फ्यूज न जाळता, वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून कपाटात ठेवावेत, कारण ग्राहकाकडे सहा महिन्यांनी दिसणारा क्रमाचा दोष पुन्हा घडवून पाहायला नेमका तसाच, पण उघडा बोर्ड लागतो.